पक्क्या लायसन्सवाल्यांची परत ट्रायल घ्यावी का?

१८व्या वर्षी ज्यानं गाडीचं पक्कं लायसन्स काढलं त्याला आजच्या कायद्याप्रमाणे त्यासाठी परत अर्ज करायचाय तो थेट चाळिशीत. मधली बावीस वर्षं कोणी काही विचारत नाही. मग पन्नासला नूतनीकरण, साठला नूतनीकरण आणि तिथून पुढे दर पाच वर्षांनी. या सगळ्यात गाडी चालवून दाखवायची वेळ किती वेळा येते, तर एकदाच, अगदी सुरुवातीला. त्यानंतर तो माणूस ऐंशीचा होईपर्यंत स्टिअरिंग धरून बसला तरी शेजारच्या सीटवर बसून 'चला, जरा चालवून दाखवा' म्हणणारा कायद्यात कोणी नाही. घरचे म्हणतात कधी कधी, पण त्यांचं ऐकतो कोण.

मोटार वाहन कायदा १९८८चा, त्यात २०१९ला मोठी दुरुस्ती झाली. आधी हिशोब सरळ होता, वीस वर्षं किंवा वयाची पन्नाशी, जे आधी येईल ते. आता वयाचे टप्पे पाडलेत: तिशीच्या आत काढलं तर चाळिशीपर्यंत, तीस ते पन्नासच्या मधे दहा वर्षं, पन्नास ते पंचावन्नमधे साठीपर्यंत आणि त्यापुढे पाच-पाच वर्षं. दंड भरमसाठ वाढले म्हणून लोकांना वाटतं सगळंच कडक झालं, पण अठरा वर्षांच्या पोराचा हिशोब करून बघा, आधी वीस वर्षांनी यावं लागायचं, आता बावीस. म्हणजे त्याला सूटच मिळाली.

परत ट्रायल द्यावी लागण्याचा एक प्रसंग मात्र कायद्यात आहे. लायसन्सची मुदत संपून वर्ष उलटून गेलं की परत परीक्षा. आधी ही ढील पाच वर्षांची होती, २०१९ला एक वर्षाची केली. गंमत बघा, ज्यानं वीस वर्षं वाट्टेल तशी गाडी हाणली पण फॉर्म वेळेत भरला तो सुटला, आणि ज्यानं नीट चालवली पण तारीख विसरला तो परत ट्रॅकवर रांगेत. म्हणजे परीक्षा होते ती विसराळूपणाची.

बरं, नूतनीकरणाला नेमकं विचारतात काय? फॉर्म एक नावाचा कागद असतो, आपल्या तब्येतीबद्दल आपणच लिहून द्यायचं. फिट येतात का किंवा अचानक शुद्ध हरपते का, चांगल्या उजेडात २५ मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का (चष्मा असेल तर चष्मा लावून), हात किंवा पाय गमावलाय का, लाल आणि हिरवा रंग वेगळा कळतो का, रातांधळेपणा आहे का, बहिरेपणा आहे का, अजून काही आजार आहे का. हो किंवा नाही, खाली सही. प्रश्न अगदी योग्य आहेत, वाईट काहीच नाही त्यात, फक्त उत्तर देणारा तोच आणि तपासणाराही तोच. चाळिशीनंतर फॉर्म एक-अ लागतो, तो डॉक्टरनं भरायचा, आणि तो किती ठिकाणी पेशंटकडे मान वर करून न बघता भरला जातो हे ज्यानं त्यानं आपल्या अनुभवावरून ठरवावं. मोतीबिंदू, काचबिंदू, साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावर होणारा परिणाम, हे सगळं हळूहळू येतं आणि ज्याला येतं त्याला सगळ्यात शेवटी कळतं, कारण रोज थोडं थोडं कमी दिसायची सवय होत जाते. त्यामुळे 'तुम्हाला नीट दिसतं का' हे ज्याचं त्यालाच विचारण्यात फारसा अर्थ नाही.

आता मूळ वाद. बरेच लोक म्हणतात, दर दहा वर्षांनी सगळ्यांची परत ट्रायल घ्या, निम्मे नापास होतील आणि रस्ते मोकळे होतील. ऐकायला बरं वाटतं, मलाही वाटायचं. पण यात तीन वेगळे प्रश्न एकात एक गुंतलेत. एक, माणूस शरीरानं अजून गाडी चालवायला ठीक आहे का. दोन, त्याला आजचे नियम माहीत आहेत का. आणि तीन, तो रस्त्यावर प्रत्यक्षात वागतो कसा. या तिन्हींची उत्तरं वेगवेगळ्या ठिकाणी शोधावी लागतात आणि ट्रायल नावाचा जो प्रकार आपण करतो त्यात यातलं जवळजवळ एकही सापडत नाही.

ट्रायलमधे काय असतं आठवा. टू-व्हीलरला आठचा आकडा, पाय टेकवायचा नाही. गाडीला रिव्हर्समधे एच, पार्किंग, चढावर गाडी थांबवून मागे न जाऊ देता परत काढायची. पुण्यात चारचाकीची परीक्षा नाशिक फाट्याच्या आयडीटीआर या ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या ट्रॅकवर होते, ट्रॅक व्यवस्थित आखलेला आहे, तक्रार करायला जागा नाही. पण सगळा कारभार पहिल्या-दुसऱ्या गिअरमधला, समोरून कोणी येत नाही, आडवं कोणी जात नाही, मागून कोणी हॉर्न मारत नाही. आता सरकारी आकडे बघा. २०२२ साली भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं मेली. त्यातले ७१ टक्क्यांहून जास्त मृत्यू अतिवेगाच्या खात्यात नोंदलेत. ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेलं नव्हतं, १६,७१५ जणांनी सीटबेल्ट लावलेला नव्हता. यातलं कोणी एच नीट काढता आला नाही म्हणून मेलेलं नाही. ज्यांनी गाड्या ठोकल्या त्यांनाही एच काढता येतच असेल, किंबहुना बऱ्याच जणांना फारच सफाईनं येत असेल.

फिनलंडच्या अभ्यासकांनी हेच चार पायऱ्यांत मांडलंय आणि युरोपातल्या ड्रायव्हिंग शिक्षणात ती मांडणी आता बरीच रुळलीये. सगळ्यात खालची पायरी म्हणजे गाडी हाताळणं, क्लच, गिअर, स्टिअरिंग. दुसरी म्हणजे वाहतुकीत ती चालवणं, दुसऱ्यांचा अंदाज घेणं. तिसरी म्हणजे हा प्रवास कुठल्या परिस्थितीत करतोय, रात्री दोनला का निघालोय, झोप झालीये का, गाडीत कोण आहे, उशीर झालाय का. आणि सगळ्यात वरची म्हणजे माणूस मुळात कसा आहे, त्याला जोखीम घ्यायला आवडतं का, मित्रांसमोर भाव खायचा असतो का, दारू पितो का. वरच्या पायऱ्या खालच्यांवर हुकूम चालवतात. आपली ट्रायल पहिल्या पायरीच्या पुढे जातच नाही.

पहिल्या पायरीवरसुद्धा आपण सगळं शिकवतो असं नाही. पुण्याच्या बायपासवर नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नऱ्ह्यावरून नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत येतो. २० नोव्हेंबर २०२२च्या रात्री तिथे एका ट्रकच्या धडकेनं ४८ गाड्यांचा चुराडा झाला, आणि तो काही तिथला पहिला अपघात नव्हता की शेवटचाही नाही. या उतारावर अवजड गाड्यांचे ब्रेक का जातात हे समजून घेण्यासारखं आहे. उतार लागला की बरेच ड्रायव्हर गाडी न्यूट्रल करतात, काहीजण इंजिनच बंद करतात, डिझेल वाचवायला. गिअरमधे असताना इंजिन चाकांना मागे ओढून धरतं, त्याला इंजिन ब्रेकिंग म्हणतात, न्यूट्रलमधे ती ओढ गेली. मग वीस-तीस टनांचं सगळं ओझं फक्त ब्रेकच्या लायनिंगवर. ड्रायव्हर किलोमीटरभर पाय दाबून बसतो, लायनिंग तापत जातं, आणि एका मर्यादेच्या पुढे तापलं की त्याची पकडच कमी होते, पॅडल दाबलं जातं पण गाडी थांबत नाही. इंजिन बंद असेल तर एअर ब्रेकचा कॉम्प्रेसरही बंद, म्हणजे वापरलेली हवा परत भरत नाही. बरं, ज्या डिझेलसाठी हे सगळं केलं ते तरी वाचतं का? आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गिअरमधे ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन जवळपास पूर्ण तुटतं, उलट न्यूट्रलला इंजिन चालू ठेवायला ते जळत राहतं. म्हणजे चालू गाडी न्यूट्रल करणारा जीव धोक्यात घालून वर डिझेलही जास्त जाळतो. घाटात ज्या गिअरमधे चढाल त्याच गिअरमधे उतरा, हे जुने ड्रायव्हर क्लीनरला शिकवायचे. हे ज्ञान कुठल्याच परीक्षेत विचारलं जात नसेल तर तीच परीक्षा दहादा घेऊन काय मिळणार?

ॲडव्हान्स ड्रायव्हिंग म्हणतात ते इथून सुरू होतं. नाव ऐकलं की लोकांना वाटतं ड्रिफ्टिंग आणि हॅन्डब्रेक टर्न. प्रत्यक्षात तो प्रकार बघायला अत्यंत कंटाळवाणा आहे. त्याचं मूळ ब्रिटनमधल्या पोलिसांत आहे. १९३०च्या दशकात पोलिसांच्याच गाड्या इतक्या ठोकल्या जायला लागल्या की लंडनला हेंडन इथे पोलिसांचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं आणि लॉर्ड कॉटनहॅम नावाच्या रेसिंग ड्रायव्हरला सल्ल्याला बोलावलं. आणि या रेसवाल्या माणसानं वेगापेक्षा शिस्तीवर जास्त भर दिला. तिथून जी पद्धत तयार झाली ती पाच टप्प्यांची: आधी माहिती, मग रस्त्यावरची जागा, मग वेग, मग गिअर आणि सगळ्यात शेवटी पिकअप. प्रत्येक वळण, चौक, अडथळा याच क्रमानं घ्यायचा. माहिती गोळा करणं हा यातला जीव, बाकीचं आपोआप होत जातं.

शिकवायची एक पद्धत आहे, गाडी चालवता चालवता जे दिसतंय आणि त्यावरून जे ठरवतोय ते मोठ्यानं बोलत राहायचं. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या रस्त्यावर ते असं होईल: 'पुढे डावीकडे एसटी उभी आहे, दार उघडंय, म्हणजे उतरलेला माणूस बसच्या पुढून रस्ता ओलांडणार, बसखाली पाय दिसतायत का बघतोय. उजवीकडे डांबरावर चिखलाचे पट्टे आहेत, म्हणजे शेतातून ट्रॅक्टर ये-जा करतोय, उसाची ट्रॉली वळणावर उभी असू शकते आणि तिला मागे दिवा नसणार. आरसा बघितला, मागे डंपर चिकटलाय, म्हणून ब्रेक आधीपासून आणि हळू, त्याला माझा लाल दिवा दिसायला वेळ देतोय.' करून बघा एकदा. दोन मिनिटांत तोंड बंद पडतं, कारण आपण बघतच नव्हतो हे लक्षात येतं.

आणि अंतर. ताशी ८० म्हणजे सेकंदाला २२ मीटर, समृद्धीवर १२० म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. मोबाइलवर मेसेज कुणाचा एवढं बघायला दोन सेकंद गेले तर १२०ला ६६ मीटर गाडी डोळे मिटून गेली. त्यात वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर चौपट होतं. ज्यानं लायसन्स काढलं तेव्हा जिल्ह्यातला सगळ्यात चांगला रस्ता दोन पदरी होता त्याच्या हातात आज ७०१ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा महामार्ग दिलाय, आणि मधे त्याला कोणी काही सांगितलेलं नाही.

ब्रिटनमधे १९५६ला ॲडव्हान्स मोटरिस्ट लोकांची एक संस्था निघाली, साध्या नागरिकांनी स्वखुशीनं वरची परीक्षा द्यायची. तिकडेच अपघात टाळण्यासाठी काम करणारी रोस्पा नावाची जुनी संस्था आहे, तिच्या ॲडव्हान्स परीक्षेत गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ असे दर्जे मिळतात आणि दर्जा टिकवायचा असेल तर दर तीन वर्षांनी परत परीक्षा द्यायला लागते. म्हणजे नियमित फेरपरीक्षा देणारे जे लोक आहेत ते आधीच सगळ्यात चांगलं चालवणारे. सरकार मात्र साध्या लायसन्सवाल्याला सत्तरीपर्यंत फोटो बदलण्यापलीकडे त्रास देत नाही, सत्तरीनंतर दर तीन वर्षांनी नूतनीकरण, तेही स्वतःच लिहून द्यायचं. (ब्रिटनमधे सक्तीची परीक्षा १ जून १९३५ला सुरू झाली, १ एप्रिल १९३४च्या आधीपासून चालवणाऱ्यांनी कधीच दिली नाही, आणि महायुद्धात परीक्षा बंद होती तेव्हा शिकाऊ लायसन्स घेतलेल्यांना १९४७ला परीक्षेशिवाय पक्कं करून मिळालं. आपल्याकडचेच वशिल्यानं काढतात असं नाही.)

अनुभवी माणसाची परत परीक्षा घेतली तर काय होतं याचा एक चालू प्रयोग आपल्याच लोकांवर रोज होतोय खरं तर. पुण्या-नाशिकहून ब्रिटनला नोकरीला गेलेल्याला भारतीय लायसन्सवर बारा महिने चालवता येतं, नंतर तिथली परीक्षा पास व्हावी लागते. पंधरा-पंधरा वर्षं मुंबईच्या ट्रॅफिकमधे गाडी चालवलेली माणसं, आणि पहिल्या फटक्यात आपटणारे त्यात कमी नसतात. परीक्षा साधारण चाळीस मिनिटं, खऱ्या रस्त्यावर, त्यातला बराच वेळ स्वतःच रस्ता शोधत जायचं. छोट्या चुका पंधरापर्यंत माफ, गंभीर चूक एक झाली की खेळ खलास. आपले लोक अडकतात ते गिअरला किंवा पार्किंगला नाही. लेन बदलताना आरसा बघितला नाही, खांद्यावरून मागे बघितलं नाही, गोल चौकात आधीपासून फिरणाऱ्याला वाट दिली नाही. हॉर्न वाजवला की आपण आलोय हे जगाला कळतं या गृहीतावर उभं राहिलेलं सगळं ड्रायव्हिंग तिथे उघडं पडतं. त्याशिवाय २००२पासून व्हिडिओ दाखवून धोका किती लवकर ओळखता याची वेगळी परीक्षा असते, पुढे काय होणार हे आधी ओळखायची.

गोल चौकावरून आठवलं. आपल्याकडे १९८९चे रस्त्यावरचे नियम होते ते २०१७ला बदलले, नवे ड्रायव्हिंगचे विनियम आले आणि त्यात गोल चौकात आधीच असलेल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं असं लिहिलंय. २०१७च्या आधी लायसन्स काढलेल्या किती जणांना हे कोणी कळवलं? म्हणजे लाखो लोक ज्या नियमावलीवर पास झाले ती नियमावलीच आज नाही. यासाठी ट्रॅकवर बोलवायची गरज नाही, शिकाऊ लायसन्सची जी कॉम्प्युटरवरची परीक्षा आहे, साठ टक्के उत्तरं बरोबर आली की पास, तीच नूतनीकरणाला ठेवली तरी निदान पुस्तक एकदा उघडलं जाईल. जपानमधे असाच प्रकार आहे, नूतनीकरणाला प्रत्येकाला लेक्चर ऐकायला लावतात. पाच वर्षांत एकही नियमभंग नाही त्याचं लायसन्स सोनेरी पट्ट्याचं, त्याला अर्ध्या तासाचं लेक्चर आणि पाच वर्षांची मुदत. ज्याच्या नावावर भानगडी आहेत त्याला दोन तास बसायचं आणि मुदत तीनच वर्षं. मला ही कल्पना मनापासून आवडते, चांगल्या माणसाचा वेळ वाचतो आणि हे त्याला दिसतं.

मग वयाचं काय? म्हाताऱ्यांची तरी घ्याच, असं सगळेच म्हणतात, आणि इथे मात्र पुरावा सरळ उलटा आहे. डेन्मार्कनं २००६ला सत्तरीच्या पुढच्यांसाठी स्मरणशक्ती आणि आकलनाची चाचणी सक्तीची केली. अभ्यासकांनी आधीचे-नंतरचे आकडे ताडून बघितले तर वयस्क चालकांचे जीवघेणे अपघात काही कमी झाले नव्हते, पण पायी आणि सायकलवर मरणाऱ्या म्हाताऱ्यांची संख्या वाढली होती. फिनलंडमधे वयस्कांची तपासणी होती आणि शेजारच्या स्वीडनमधे नव्हती, त्या तुलनेतही तेच निघालं. कारण साधं आहे, गाडी सोडली म्हणून माणूस घरी बसत नाही, तो भाजी आणायला चालत जातो, आणि पंचाहत्तरीचं शरीर गाडीच्या पत्र्याआड जेवढं सुरक्षित असतं तेवढं फुटपाथवर नसतं. आपल्याकडे तर फुटपाथही नसतो. न्यूझीलंडनं ऐंशीच्या पुढच्यांसाठी असलेली सक्तीची रस्त्यावरची परीक्षा २००६च्या डिसेंबरमधे चक्क बंद केली. जपान दुसऱ्या बाजूनं आला. २०१९ला टोकियोत ८७ वर्षांच्या एका गृहस्थाच्या गाडीखाली एक आई आणि तिची छोटी मुलगी गेली, देश हादरला, आणि २०२२पासून तिथे पंचाहत्तरीच्या पुढच्यांपैकी ज्यांच्या नावावर गेल्या तीन वर्षांत ठराविक नियमभंग आहेत त्यांनाच प्रत्यक्ष गाडी चालवण्याची परीक्षा पास व्हावी लागते. सगळ्यांना नाही. वय आणि रेकॉर्ड दोन्ही बघून. मला हा तोडगा जास्त शहाणपणाचा वाटतो.

आणि जास्त शिकवलं म्हणजे अपघात कमी होतील हेही दरवेळी खरं नसतं. नॉर्वेत बर्फावर घसरणारी गाडी सावरायचं शिक्षण सक्तीचं केलं, तर तरुण पोरांचे अपघात वाढले, कारण पोरांना वाटलं आता आपल्याला येतं. १९८१ला छापून आलेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के लोकांनी आपण निम्म्या लोकांपेक्षा चांगली गाडी चालवतो असं सांगितलं होतं. फेरपरीक्षेत पास झालेल्याला सरकारी शिक्क्यानिशी हाच गैरसमज मिळणार असेल तर ते घातकच.

आता प्रत्यक्षातला हिशोब. एका मोटार वाहन निरीक्षकानं एका माणसाला खऱ्या रस्त्यावर नेऊन अर्धा तास नीट तपासायचं म्हटलं तर दिवसाला बारा-चौदाच्या वर होणार नाहीत. आज नव्या लायसन्सच्या ट्रायलची तारीख मिळवायलाच झगडावं लागतं, त्यात जुन्या सगळ्यांना उभं केलं तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. अर्धा तास दोन मिनिटांवर येईल, आणि त्या दोन मिनिटांचाही दर एजंट लोक ठरवतील. ब्रिटन, जर्मनी, जपान यातला एकही देश सगळ्या साध्या चालकांना ठराविक वर्षांनी परत रस्त्यावरची परीक्षा द्यायला लावत नाही, आणि त्यांच्याकडे आपल्यापेक्षा माणसं आणि पैसा दोन्ही जास्त आहे.

शिवाय परीक्षा लायसन्सवाल्याचीच होणार. २०२४च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरला जो अपघात झाला, ज्यात जामीन देताना तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून देशभर बोंब झाली, त्यात गाडी चालवणारा अल्पवयीन होता, त्याच्याकडे लायसन्सच नव्हतं. तिथे फेरपरीक्षा काय करणार.

मला विचाराल तर खरी फेरपरीक्षा रोज रस्त्यावर चाललेलीच आहे, कॅमेरे लागलेत, फक्त तिचा निकाल कोणी लावत नाही. आणि हे काही मी नवीन सुचवत नाहीये, कायद्यात आहे. २०१९च्या दुरुस्तीप्रमाणे अतिवेग, दारू पिऊन चालवणं, शर्यत, ट्रिपल सीट, विनाहेल्मेट, ॲम्ब्युलन्सला वाट न देणं, आणि धोकादायक ड्रायव्हिंग, ज्यात सिग्नल तोडणं, हातात मोबाइल आणि राँग साइडही येते, अशा गुन्ह्यांत पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन आरटीओकडे पाठवू शकतात. आरटीओनं ते निलंबित केलं तर मुदत संपल्यावर नुसतं परत मिळत नाही, रिफ्रेशर कोर्स पूर्ण केला तरच मिळतं. कलम १९ वाचा, स्पष्ट लिहिलंय. म्हणजे वाईट चालवणाऱ्याला शोधून परत शिकायला पाठवायची सोय तयार आहे.

मग अडतंय कुठे? कॅमेऱ्याला गाडीचा नंबर दिसतो, ड्रायव्हर दिसत नाही. ई-चलान जातं ते मालकाच्या नावावर. गाडी बाबांच्या नावावर, चालवतो मुलगा, चलान बाबांच्या मोबाइलवर, आणि मुलाचं लायसन्स कोरं करकरीत. मालकानं चालकाचं नाव सांगितलं पाहिजे अशीही तरतूद आहे पण विचारतो कोण, दंड भरला की विषय संपला, आणि बरेच जण तर तोही न भरता लोकअदालतीत कमी होईल म्हणून वाट बघत बसतात. दंड हा पार्किंगच्या पावतीसारखा एक खर्च होऊन बसलाय. ब्रिटनमधे नव्या चालकाला पहिल्या दोन वर्षांत सहा पेनल्टी पॉइंट लागले की लायसन्स रद्द, परत शिकाऊपासून सुरुवात, लेखी आणि रस्त्यावरची दोन्ही परीक्षा परत. तिथे पॉइंट माणसाला लागतात, गाडीला नाही. आपल्याकडे लायसन्स आधारला जोडायची सोय झाली, गाडी मोबाइलला जोडून झाली, चलान तेवढं माणसाला जोडायचं राहिलंय, आणि माझ्या मते सगळ्या ट्रायलींपेक्षा ते एक काम केलं तर जास्त जीव वाचतील. अठराव्या वर्षी लायसन्स घेतलेल्याला चाळिशीपर्यंत मोकळं सोडायचंय तर सोडा, पण वर्षात चारदा राँग साइडला सापडला तर पुढच्या महिन्यात त्याला खऱ्या रस्त्यावर शेजारी निरीक्षक बसवून चालवायला लावा.

व्यावसायिक चालकांचं गणित वेगळं, त्यांचं लायसन्स पाच वर्षांचं, घातक माल नेणाऱ्यांना तीन वर्षांचं आणि त्यांना नूतनीकरणाआधी रिफ्रेशर सक्तीचा. पण २०२४च्या नोव्हेंबरमधे सुप्रीम कोर्टानं साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतचं मालवाहू वाहनही चालवता येतं हे पक्कं केलं, म्हणजे जो स्विफ्टवर पास झाला तो उद्या टेम्पो घेऊन खंबाटकी घाटात उतरू शकतो. कोर्टाचा निकाल उपजीविकेच्या अंगानं बरोबरच असेल, पण उताराचा गिअर त्याला कोणी शिकवला हा प्रश्न तसाच राहतो.

तोवर स्वतःपुरतं करण्यासारखं एक आहे. सोसायटीच्या पार्किंगमधे किंवा मोकळ्या रस्त्याकडेला दिवसा एखाद्या उभ्या गाडीपासून २५ मीटर मोजा, साधारण पस्तीस पावलं होतात, आणि एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून नंबरप्लेट वाचा. एका डोळ्यानं आकडे पुसट दिसले तर आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, फॉर्म एकवर सही नंतर करा. आणि लायसन्सवरची मुदतीची तारीखही बघून घ्या, ती संपून वर्ष उलटलं तर एच परत काढायला लागेल.